आरोग्यपंढरीत आपले स्वागत : स्वागताध्यक्षीय भाषण



खाण्याच्या विकारांवरची ही परिषद आमच्या मिरजेत भरते आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मी डॉक्टर नाही. दवाखान्यांच्या रस्त्यावर औषधांचे दुकान चालवण्यात माझे आयुष्य गेले. तरी हे पद माझ्याकडे आले, कारण मिरजेत डॉक्टर, औषधवाला, रिक्षावाला आणि खानावळवाला हे सगळेच रुग्णाच्या आधाराने जगतात. स्टेशनवर एक्स-रेचे पाकीट घेऊन उतरलेल्या माणसाला आमचा रिक्षावाला पत्ता विचारत नाही, डॉक्टरांचे नाव विचारतो.

या गावाला हे वळण लावले सर विल्यम वानलेस यांनी. कॅनडात जन्मलेला हा तरुण मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ मध्ये त्यांनी वैद्यकीय शाळा काढली. त्या शाळेत शिकलेली माणसे गावोगाव पसरली. पुढे १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. आरोग्यपंढरी हे नाव लोकांनी आम्हाला दिले आहे, आणि ते आम्ही जपतो.

पण पाहुण्यांनो, दवाखान्यांची मिरज आपल्याला ठाऊकच असते. माझा जीव गुंतला आहे तो सतारमेकरांच्या गल्लीत. एकोणिसाव्या शतकात येथली शिकलगार मंडळी हत्यारांना धार लावीत. हत्यारांचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी गवयांची वाद्ये दुरुस्त करायला घेतली आणि दुरुस्ती करता करता ते घडवायला शिकले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा आणायचा, तो पुरता वाळू द्यायचा, कापून त्याला लाकडाची दांडी जोडायची, कोरीव काम करायचे आणि शेवटी जवारी काढायची, म्हणजे तारेचा झंकार खुलवायचा. घोडीचा माथा कानसत राहायचे, तारेखाली दोरा सरकवायचा, पुन्हा ऐकायचे. यंत्राला हे जमत नाही. बापाचा कान मुलाकडे जातो तेव्हाच हे काम पुढे चालते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या गल्लीत पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. थोर गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. १९३७ मध्ये प्रवासात त्यांचे देहावसान झाले, पण विसावले ते मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. दरवर्षी उरुसात तेथे थोर गायक येऊन हजेरी लावतात. दर्ग्यात गाणे आणि गाण्याला सगळे गाव, ही आमची मिरज.

इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. येथल्या शाळेत संस्कृत शिकवता शिकवता त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले मोडी कागद वाचले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड छापले. पेशवाईचा अभ्यास त्यांच्यावाचून होत नाही. गावातल्या मुलांना मात्र ते माहीत नाहीत, याची मला फार खंत वाटते.

आता परिषदेच्या विषयाकडे वळतो. संयोजक डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली आणि ती माझ्या मनात घर करून राहिली. १६८९ मध्ये लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्याने क्षयावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने ताप नाही, खोकला नाही, तरी झिजत चाललेल्या एका तरुण मुलीची हकीगत नोंदवली. ॲनोरेक्सियाचे, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराचे, हे फार जुने वर्णन मानतात, आणि ते सापडते क्षयाच्या पुस्तकात. आमच्या शेजारच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांचे मोठे रुग्णालय झाले. त्यामुळे मुलगी वाळू लागली की थुंकी तपासा, एक्स-रे काढा, हे आमच्या अंगवळणी पडले आहे, आणि ते बरोबरही आहे. पण रिपोर्ट चांगला आला की घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात आणि तपास तेथेच थांबतो.

त्यातून आपल्याकडे उपवास. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. व्रताचा मला आदर आहे. पण उपवास सोडायच्या वेळीही जी मुलगी ताटावरून उठते, जिची पाळी बंद झाली आहे, नाडी मंद आहे, उन्हाळ्यातही जिला थंडी वाजते, तिला सोशिक म्हणून वाखाणण्यात आपण किती महिने घालवतो! वजन वाढण्याची भीती आपल्याकडच्या प्रत्येक रुग्णाच्या तोंडी असेलच असे नाही, ‘पोट जड वाटते’ एवढेच ती सांगते, असे डॉक्टरमंडळी म्हणतात. बुलिमियात, म्हणजे अधाशासारखे खाऊन मग उलटी करण्याच्या आजारात, तर वजन पुष्कळदा बेताचेच असते. १९७९ मध्ये जेरल्ड रसेल यांनी या आजाराला नाव दिले. यात गाल सुजतात, उलट्यांच्या आम्लाने दातांचे कवच झिजते, रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाला धोका होतो. मुलगेही यातून सुटत नाहीत.

अशा रुग्णाला आधी कोण पाहते? दाताचा डॉक्टर, शाळेतल्या बाई, वसतिगृहाच्या मावशी आणि आम्ही दुकानदार. रेचकाच्या गोळ्या न्यायला तीच मुलगी पुन्हा पुन्हा येते आणि आम्ही मुकाट्याने सुटे पैसे परत करतो. म्हणून माझी एकच मागणी आहे. जाण्यापूर्वी आम्हाला सोप्या मराठीत एक पानभर मजकूर लिहून द्या : काय दिसले तर सावध व्हावे, त्या मुलीशी काय बोलावे, काय बोलू नये, कोणाकडे पाठवावे. उपाशी शरीराला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातले फॉस्फेट उतरून जिवावर बेतू शकते, हेही त्यात हवे, कारण माया करणाऱ्या आज्यांना ते माहीत नसते. आईवडिलांनी ताटाशी बसून मुलांना बरे करण्याची जी उपचारपद्धती आहे, ती आपल्या एकत्र कुटुंबात कशी बसवायची तेही सांगा. छपाईचा खर्च आम्ही औषधविक्रेते करू आणि तो कागद प्रत्येक दुकानात लावू.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. हॉटेलच्या खोल्या पुरल्या नाहीत, म्हणून काही प्रतिनिधींची सोय मंगल कार्यालयात आणि काहींची घरोघर केली आहे. गरम पाणी सकाळी सहा ते आठ याच वेळेत मिळेल. मंडपाच्या मागच्या बाजूला ध्वनिक्षेपकाचा आवाज नीट पोचत नाही, त्यावर काम चालू आहे. जेवणात भाकरी, कृष्णाकाठचे वांगे आणि तासगावचे बेदाणे घातलेला शिरा आहे. पंगतीत कोणी आग्रह केला नाही तर राग मानू नये. आग्रहाने वाढणे ही आमची जुनी रीत, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून वाढप्यांना बजावले आहे की कोणाच्या ताटाबद्दल वा अंगकाठीबद्दल शब्द काढायचा नाही.

हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. मंडपवाल्यांनी भाडे निम्मे केले. शाळेने बाके दिली, छापखान्याने कार्यक्रमपत्रिका फुकट छापल्या, नर्सिंगच्या विद्यार्थिनी पहाटेपासून स्टेशनवर उभ्या आहेत. नाव न छापण्याच्या अटीवर एका मातेने दोन दिवसांच्या चहाचा खर्च उचलला. या सर्वांचा मी ऋणी आहे. नगरसेवक, पोलीस, सफाई कामगार आणि रिक्षा संघटनेचे बांधव यांचेही आभार.

उद्या दुपारच्या सत्रानंतर सतारमेकर गल्लीत जाण्यासाठी दोन गाड्या निघतील. नावे नोंदणीच्या टेबलावर द्यावीत. मी पुन्हा एकदा आपणा सर्वांचे मिरजेत स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.