घरी आणलं, पुढे काय?

(आंबवडे, ता. भोर इथे बचतगटांच्या बायांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजारी माणूस दवाखान्यातून घरी आला की शेजारीपाजारी म्हणतात, "सुटला एकदाचा." तो सुटतो, पण घरातली बाई अडकते. नाकातली नळी, लघवीची पिशवी, पाठीची जखम, इन्शुलिनची इंजेक्शनं असं सगळं त्याच्याबरोबर घरी येतं. कार्डावर जे लिहिलेलं असतं ते इंग्रजीत. निघताना कुणीतरी घाईघाईनं सांगतं, "ताई, असं असं करा." झालं आपलं शिक्षण!

दवाखान्यात हेच काम करणाऱ्या नर्सला तीन वर्षं शिकावं लागतं, एएनएमला दोन वर्षं. तिथे त्याला पगार असतो आणि ड्यूटी संपते. उंबरठ्याच्या आत आलं की त्याच कामाचं नाव होतं 'सेवा', आणि सेवा तर म्हणे सुनेच्या रक्तातच असते. मला हा शब्दच खटकतो. सेवा म्हटलं की मोबदला मागायचा नाही, रजा मागायची नाही. आणि मुख्य म्हणजे "मला हे येत नाही, शिकवा" असंही म्हणायची चोरी.

न शिकवण्यात धोका किती, ते इन्शुलिनवरूनच बघा. त्याच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, ४० आणि १००. सिरिंजही वेगळ्या. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण असतं, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. शंभरची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गल्लत झाली, तर औषध अडीच पट जातं. साखर एकदम उतरते, दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात, माणूस बरळायला लागतो. गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा ताडून बघायला शाळेत गेलेलं असावं लागत नाही. पण हे आधी कुणी सांगायला तर हवं!

आता पाठीची जखम. ती होऊ नये म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, असं सांगतात. बरोबरच आहे. पण भातलावणीच्या दिवसांत, भर पावसात, खाचरात वाकलेल्या बाईनं दर दोन तासांनी घर कसं गाठायचं? गेली तर मजुरी बुडते. नाही गेली आणि जखम झाली, तर "हिनं नीट बघितलं नाही" हा बोल ठरलेला. एकटीनं माणूस उचलून तिची स्वतःची कंबर धरते, त्याची नोंद तर कुठल्याच कार्डावर नसते.

सरकारनं २०२४ साली लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. पंधरा ते एकोणसाठ वयाच्या बायांपैकी ४१ टक्के जणी घरातल्या माणसांची, म्हणजे मुलं, म्हातारे, आजारी यांची देखभाल करत होत्या. पुरुष २१.४ टक्के. त्या बायांचे दिवसाचे १४० मिनिटं त्यात जात होते, पुरुषांचे ७४. मुलगा मुंबईला, नाहीतर शिरवळला कंपनीत, पैसे पाठवतो, हे कबूल. पण सुट्टीला आला तरी नळीला हात लावत नाही. "मला बघवत नाही," म्हणतो. बाईला बघवतं का, हे कुणी विचारलंय?

खेड्यातल्या बायांना हे जमणार नाही, असंही म्हणतात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बाया आरोग्याच्या कामात तयार केल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं १९९० च्या दशकात ३९ गावांत बायांना शिकवलं, आणि त्यांनी आजारी तान्ह्या बाळांना घरी जाऊन इंजेक्शनं दिली. तिथली बालकं वाचली. फरक एवढाच, की त्यांना नीट, पुन्हा पुन्हा शिकवलं गेलं आणि मागे कुणीतरी उभं होतं.

म्हणून आपली मागणी साधी आहे. घरी सोडण्याआधी दवाखान्यानं दोन माणसांना शिकवावं आणि त्यातला एक पुरुष असावा. समोर करून दाखवावं, मग आपल्याकडून करून घ्यावं, आणि मराठीत, चित्रांसकट लिहून द्यावं. नंतर महिन्यातून एकदा तरी नर्सनं घरी यावं. केरळात २००८ सालीच घरपोच देखभालीचं सरकारी धोरण झालं, तेव्हा हे अशक्य आहे असं आपल्याला सांगू नये. आणि हे सगळं आशाताईंच्या गळ्यात टाकून मोकळं होऊ नये. त्याही बायाच आहेत, मानधनावर राबणाऱ्या.

ठराव लिहिला आहे, जाताना सह्या-अंगठे करा. आता ही सतरंजी पसरू या. चादरीच्या आधारानं दोघांनी मिळून माणसाची कूस कशी बदलायची, ते आपल्या नर्सताई दाखवतील. मागे दारात उभे असलेले दादा, तुम्हीही पुढे या. चादरीचं एक टोक तुम्ही धरा.