नळाचं सारथ्य आणि आपला डावा पाय

श्रोतेहो, आणि आता हे पुस्तक हातात घेऊन बसलेल्या मायबापांनो, आज निरूपणाला विषय घेतला आहे मोटार हाकण्याचा. हसा, हसून घ्या. बुवांना देवाचं काही सुचेना, म्हणून गाडीवर घसरले, असंही कुणी म्हणेल. पण माघी गणेशोत्सवात पालीला बल्लाळेश्वरापाशी जरा बाजूला उभं राहून पाहा. पूर्वी माणसं एसटीने यायची. आता घरची गाडी, घरचाच चालक, आणि मागच्या सीटवर सत्तरीची आजी, तोंडाशी पिशवी धरून. देवाच्या दारात पोचते ती, पण दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं त्राण उरत नाही. लोक म्हणतात, घाट लागला. अहो, घाट पूर्वीही होताच की! आजीला लागला तो नातवाचा डावा पाय.

डावा पाय म्हणजे क्लच. हे यंत्र काय आहे ते आधी समजून घेऊ, म्हणजे पायावर उगाच राग धरायला नको. इंजिन फिरत असतं आणि चाकं उभी असतात. फिरणाऱ्याची आणि उभ्याची गाठ घालायची आहे. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र फिरतं, त्याच्यासमोर असते क्लचप्लेट. पाय दाबला की दोन्ही अलग होतात, पाय सोडला की एकमेकांना चिकटतात. पाय एकदम सोडला तर फिरणारं उभ्यावर आदळतं. मग गाडी बेडकासारखी उडी मारते, नाहीतर इंजिनच बंद पडतं.

आता भजन ऐन रंगात आहे, आणि एक टाळकरी उशिरा येऊन बसला. तो काय करतो? आल्या आल्या खणकन टाळ हाणतो का? नाही. आधी लय ऐकतो, मग टाळाला टाळ हलकेच घासून बघतो, हाताला लय लागली की मग मोकळ्या हाताने वाजवतो. ते घासून बघणं म्हणजेच क्लचचं अर्धं सोडणं. पाय वर येता येता एक जागा येते. इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरतो, गाडीच्या अंगात बारीक थरथर येते, नाक जरा उचलल्यासारखं वाटतं. त्या जागी थांबायचं. फार नाही, मनात दोनदा रामनाम होईल इतकंच. मग बेताची रेस देत देत पाय पूर्ण सोडायचा. शिकणारी माणसं तिथे थांबत नाहीत, सगळी रड तेवढीच आहे.

अलिबागेकडच्या एका गावात कीर्तन आटोपल्यावर एक ताई आल्या. यजमान बोटीवर, सहा-सहा महिने घरी नाहीत. सासूबाईंना हृदयाचा त्रास, महिन्या-दोन महिन्यांनी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं लागतं. ताईंनी पेणच्या आरटीओत शिकाऊ परवाना काढला, महिना झाल्यावर परीक्षा दिली, पक्का परवाना हातात आला. आणि गाडीची किल्ली खिळ्याला टांगलेली! म्हणाल्या, "बुवा, बाजारात चढावर गाडी बंद पडली. मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले. सासूबाई घाबरून छातीला हात लावून बसल्या. त्या दिवसापासून किल्लीला हात लावला नाही. रात्रीबेरात्री काही झालं तर दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं."

मी त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. मला गाडी आली ती पन्नाशीत, ज्याने शिकवली त्याचंच हे देणं आहे. ताई, सपाट मोकळ्या जागेत गाडी न्या. समुद्राच्या पुळणीवर नको हं, तिथे चाक रुततं आणि भरती कुणासाठी थांबत नाही. उजवा पाय रेसवर ठेवायचाच नाही. पहिला गियर टाका आणि नुसत्या क्लचवर गाडी हलवा, थांबवा, पुन्हा हलवा. पंचवीस वेळा करा, पन्नास वेळा करा. माळ जपताना मणी मोजायला कंटाळता का? ती थरथरीची जागा पायाच्या तळव्याला कळली पाहिजे, डोक्याला कळून उपयोग नाही.

मग चढ. हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, क्लच त्या जागेपर्यंत आणायचा, थोडी रेस द्यायची. गाडी पुढे ओढ घेऊ लागली की मग हँडब्रेक सोडायचा. मागचा हॉर्न वाजवतो तर वाजवू दे, त्याचं काम तो करतोय. आगरदांड्याला फेरीबोटीसाठी जेटीच्या उतारावर रांग लागते ना, तिथे बघा, कित्येक जण अर्ध्या क्लचवरच गाडी धरून उभे राहतात. मग करपट वास सुटतो. तो वास क्लचप्लेटचा, पैसे जळताहेत तुमचे! उभं राहायचं तर ब्रेकवर उभं राहा.

थांबण्याचंही तसंच आहे. ब्रेक आधी, क्लच अगदी शेवटी. आणि गाडी थांबायच्या क्षणी ब्रेकवरचा पाय जरासा सैल करायचा, म्हणजे मागच्याची मान पुढे झुकत नाही. हे एवढंसं कुणी शिकवत नाही. चाळीस वर्षं पेटी मांडीवर घेऊन लोकांच्या गाड्यांत मागे बसलोय मी, पेटीचा भाता हुंकारला की समजावं, पाय कच्चा आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. पुण्याकडून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरता, पुढे हरिहरेश्वर, श्रीवर्धन करता. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. गियरमध्ये असली की इंजिनच चाकांना धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार एकट्या ब्रेकवर. ब्रेक तापले की पायाखाली असून नसल्यासारखे होतात. ज्या गियरात तो घाट चढाल, साधारण त्याच गियरात उतरा. साळावहून मुरूडकडे जातानाही चढ-उतार-वळणं आहेत, तिथेही हेच. गाडीत लेकरंबाळं असतात, मायबाप!

आता आख्यान. महाभारताच्या वनपर्वात नळराजाची कथा आहे. राज्य गेलं, रूप गेलं, बाहुक नावाने तो अयोध्येला ऋतुपर्ण राजाकडे सारथी होऊन राहिला. दमयंतीने निरोप धाडला, उद्या सूर्योदयाला पुन्हा स्वयंवर. अयोध्येहून विदर्भात कुंडिनपूरला एका दिवसात पोचायचं! बाहुकाने निवडले अंगाने रोड दिसणारे घोडे. राजा चिडला, हे कसले घोडे? रथाला जुंपले तर घोडे गुडघ्यांवरच बसले. नळाने चाबूक नाही उगारला. त्याने त्यांना चुचकारलं, धीर दिला, मग लगाम हाती घेतला. आणि रथ असा निघाला, की वाटेत राजाचं उपरणं पडलं, राजा म्हणाला थांब, तोवर ते एक योजन मागे राहिलं होतं.

ऋतुपर्ण घाबरला नाही, अवघडला नाही. त्याला वेग कळला तो उपरणं पडल्यावर. माझं लक्ष तिथेच जातं नेहमी.

संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरला. दमयंतीला अजून काही दिसलेलं नाही. आधी कानावर आला तो रथाचा घोष. मेघ गर्जावा तसा गंभीर, सलग. मोरांनी माना उंचावल्या. नळाचे जुने घोडे तिथल्या पागेत होते, तेही हर्षाने खिंकाळले. दमयंती म्हणते, असा रथ माझ्या नळाशिवाय कोण हाकणार? धावत प्रासादावर चढली. पाहते तर रथातून उतरला कुरूप, आखूड हातांचा बाहुक. डोळे म्हणतात नव्हे, कान म्हणतात तोच. तिने केशिनीला बोलावलं आणि खाली पाठवलं, जा, त्या सारथ्याशी बोलून ये.

केशिनीने तिथे काय काय पाहिलं, ते उद्या. आता आरतीची वेळ झाली आहे.