तारे देण्याची घाई



मोबाइलवरून जेवण मागवलं, पार्सल आलं, चार घास पोटात गेले की लगेच फोन विचारतो, जेवण कसं होतं? आपण पाच तारे देऊन मोकळे होतो. रस्सा झणझणीत होता, पार्सल वेळेत आलं, आणखी काय हवं? पोटाचं मत मात्र अजून यायचं असतं. स्टॅफिलोकोकस जिवाणूचं विष अर्ध्या तासापासून आठ तासांत कधीही उलट्या सुरू करतं. साल्मोनेला तर काही वेळा दोन-तीन दिवसही घेतो. तोवर आपले तारे वाचून आणखी चार घरांनी तिथूनच मागवलेलं असतं.

वास आला, तार सुटली, की अन्न विटलं हे आपल्याला कळतं. पण अन्न विटवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुधा वेगळे. दुसऱ्या जातीचे चवीला हातही लावत नाहीत. शेजवान राईसचंच बघा. त्याला मोकळा भात लागतो, म्हणून तो आधीच शिजवून निववून ठेवतात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि भात शिजला तरी ते टिकून राहतात. भलं मोठं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं, तर आतला भात तासन्‌तास कोमट राहतो. त्या कोमटपणात बीजाणू जागे होतात, वाढतात, विष सोडतात. रात्री तोच भात मोठ्या आचेवर परतला, तर जिवाणू मरतील. ते विष मात्र त्या आचेला दाद देत नाही. परातीत पातळ पसरून, लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवणं, एवढाच उपाय आहे. घरच्या फोडणीच्या भातालाही हेच लागू आहे, हे जाता जाता सांगतो.

म्हणून ‘जेवण थंड आलं’ ही तक्रार मला फार मोलाची वाटते. लिहिणारा चवीबद्दल कुरकुरत असतो, पण बोट नेमक्या जागी ठेवतो. गरम पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या वर, गार पदार्थ 5 अंशांच्या खाली, हा नियम आहे. मधल्या पट्ट्यात अन्न जितका वेळ राहील तितका धोका वाढतो. आणि तारे कापले जातात ते बऱ्याचदा बंद पाकीट पाठीवर वाहून आणणाऱ्या मुलाचे! पार्सल स्वयंपाकघरातच तासभर पडून राहिलं असेल, तर तो बिचारा काय करणार?

हॉटेलात हात धुवायला गेलं की निदान मोरी तरी दिसायची. क्लाउड किचनला बसायची जागाच नसते. एकाच ओट्यावरून तीन-चार वेगवेगळ्या नावांनी जेवण निघतं. आपल्या हाती उरतो तो बिलावरचा, ॲपवरचा एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक. 1 ने सुरू झाला तर परवाना, 2 ने झाला तर लहान धंद्याची नोंदणी. 2018 मध्ये एफएसएसएआयने तंबी दिल्यावर ॲपवाल्या कंपन्यांनी परवाना नसलेली 10 हजारांहून अधिक ठिकाणं यादीतून काढली होती. तोपर्यंत तीही आपल्याला जेवू घालत होती.

अर्थात, क्रमांक असला म्हणून भात परातीत पसरला जातोच असं नाही. तिथे तक्रारच उपयोगी पडते, पण ती आपण चुकीच्या दारात करतो. ॲपवर फोटो टाकतो, पाच मिनिटांत पैसे परत येतात, आपलं समाधान होतं. त्या स्वयंपाकघरात मात्र कुणी निरीक्षक पाऊल ठेवत नाही, कारण त्याच्यापर्यंत काही पोहोचलेलंच नसतं. माझ्या मते परत आलेले पैसे हा सगळ्यात स्वस्तात मिटवलेला तंटा आहे.

बाहेरचं खाऊन घरातल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला, तर आधी डॉक्टरकडे जा. मग ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सरकारी ॲपवर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तिच्यात चवीचं वर्णन नको. बिल, 14 आकडी क्रमांक, पार्सल किती वाजता आलं, किती वाजता खाल्लं, कुणी काय खाल्लं, कुणी खाल्लं नाही आणि पहिली उलटी किती वाजता झाली, एवढं लिहा. उरलेलं अन्न टाकू नका. डबा घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि वर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवा.