पाड्यापर्यंत इंटरनेट : नवे काय आले आणि आपण कशासाठी पैसे द्यावेत

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात नेटवर्क क्षेत्रात काम करणाऱ्या एका सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला जो विषय दिला आहे तो ऐकायला शहरी वाटतो. ब्रॉडबँड, फायबर, उपग्रह, वाय-फाय या शब्दांचा आदिवासी सेवाकार्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. म्हणून आधी संबंध सांगतो. रेशन दुकानात धान्य देण्यापूर्वी यंत्रावर अंगठा लावावा लागतो आणि तो ठसा जुळवून पाहण्यासाठी यंत्राला नेटवर्क लागते. मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. अंगणवाडी सेविकेला बालकांचे वजन आणि उंची पोषण ट्रॅकरवर नोंदवायची असते. ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला मिळतो, पण तोही फोनवर चित्र दिसले तर. थोडक्यात, सरकारने आपल्या खिडक्या इंटरनेटवर नेल्या आहेत, आणि धडगाव, मोखाडा, धारणी, भामरागड या तालुक्यांत असे पाडे आहेत जिथे त्या खिडकीपर्यंत पोहोचायला माणसाला टेकडी चढावी लागते. टेकडीवर ‘रेंजची जागा’ असते, ती गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. गरोदर बाई आणि म्हातारा माणूस तिथे चढून जाऊ शकत नाहीत, एवढेच.

आता तंत्रज्ञानाकडे वळतो. आपल्या देशाने यावर जो मोठा उपाय ठरवला तो फायबरचा. केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या ठिणग्या धावतात आणि त्या ठिणग्यांत माहिती असते. शुद्ध काचेतून प्रकाश लांबवर नेता येईल हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले, आणि त्या कामासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. २०११ मध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. आज तिला आपण भारतनेट म्हणतो.

तुमच्यापैकी जे शिबिरांसाठी डोंगरात जातात, त्यांनी पंचायत कार्यालयात ते पांढरे खोके पाहिले असेल. कित्येक ठिकाणी ते बंद असते. याची कारणे साधी आहेत, आणि ती नीट समजून घेतली तर पुढचे सगळे समजेल. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून पंचायतीपर्यंत केबल बहुधा एकाच रेषेत टाकली गेली. रस्ता रुंद करताना जेसीबीचा दात कुठेही लागला की त्यापुढची सगळी गावे एकदम अंधारात. दुसरे, खोक्याला वीज लागते आणि वीज गेली की बॅटरी पाहणारे कोणी नसते. तिसरे, पंचायत कार्यालयाला कुलूप असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट मंजूर केले, १,३९,५७९ कोटी रुपयांचे. त्यातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा बदल पैशाचा नाही, आकाराचा आहे. आता रेषेऐवजी कडे करायचे आहे. गळ्यातल्या माळेसारखे समजा. एका ठिकाणी दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूने प्रत्येक मण्यापर्यंत पोहोचता येते. शहरातल्या मोठ्या कंपन्या आणि बँका आपली नेटवर्क कित्येक वर्षे अशीच बांधत आल्या आहेत. तीच पद्धत आता ग्रामपंचायतीला मिळणार आहे, शिवाय देखभालीचा खर्चही योजनेतच धरला आहे. उशिरा सुचले, पण योग्य सुचले.

फायबरबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ‘आज टाकलेले उद्या जुने होईल’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. घरगुती फायबरमध्ये सध्या जी पद्धत सर्वत्र आहे, तिच्यात एका तंतूवरून सेकंदाला अडीच गिगाबिट माहिती येते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. वाटणी करणारा तुकडा नुसत्या काचेचा असतो, त्याला वीज लागतच नाही. आता दहा गिगाबिटची पद्धत येऊन स्थिरावली आहे, आणि तिच्या पुढची पन्नासची तयार होत आहे. पण या प्रत्येक वेळी बदलतात ती दोन टोकांची खोकी. जमिनीतली काच तीच राहते. म्हणून जिथे फायबर पोहोचू शकते तिथे दुसऱ्या कशाच्याही मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण अशी की फायबर पंचायतीपर्यंत येते आणि पाडे त्यापुढे असतात. सपाटीवरच्या गावात घरे एकमेकांना खेटून असतात. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत आठ-दहा पाडे, मध्ये नाला, मध्ये वनखात्याची जमीन. तिथे खांब रोवायलाही परवानगी लागते. या शेवटच्या तीन-चार किलोमीटरवर काय करावे, याचा सर्वात चांगला प्रयोग आपल्याच पालघर जिल्ह्यात झाला, आणि त्याची माहिती आपल्या मंडळींत फार कमी जणांना आहे.

मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्यांनी विचार असा केला की दूरदर्शनसाठी राखून ठेवलेल्या लहरींचा मोठा भाग आपल्या देशात रिकामा पडून आहे. या लहरींची वारंवारता कमी असते, म्हणून त्या झाडीतून आणि उंचसखल भागातून बऱ्यापैकी पार जातात. वाय-फायच्या लहरींना मात्र आंब्याचे एक झाडही पुरते. त्या रिकाम्या लहरी वापरून खामलोली आणि आसपासच्या गावांत देशातला अशा प्रकारचा पहिला प्रयोग झाला. सुरुवात सात गावांपासून झाली. नंतर पंचवीस गावे जोडताना त्यांनी विनापरवाना वापरता येणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींवर उभे केलेले दुवे वापरले, कारण दूरदर्शनच्या लहरी सर्वांसाठी खुल्या करण्याचा निर्णय झालेला नव्हता. २०१७ मध्ये मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले, सव्वा लाख डॉलरचे.

पारितोषिकापेक्षा मला त्यातली व्यवस्था जास्त शिकण्यासारखी वाटते. त्यांनी सरकार आणि खासगी व्यवसाय यांच्याबरोबर पंचायतीलाही भागीदार केले. गावातलाच तरुण उपकरणे सांभाळणार, गावकऱ्यांना जोडणी देणार आणि त्यातून त्याला काही उत्पन्न मिळणार. ज्याचे घर त्या टॉवरखाली आहे त्याला बॅटरी उतरल्याचे आधी कळते, मुंबईत बसलेल्या माणसाला नाही. याच धर्तीवर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ‘पीएम-वाणी’ मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदारही परवाना शुल्क न भरता आपल्या दुकानातून वाय-फाय विकू शकतो. पाड्यावर दहा-वीस रुपयांचे कूपन चालते, महिन्याचे बिल चालत नाही. मजुरी आठवड्याला मिळते, तशीच खरेदीही होते.

आता उपग्रहाकडे येतो, कारण आपल्याकडे येणाऱ्या देणगीच्या पत्रांत सर्वाधिक विचारणा त्याचीच असते.

जुने उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. तुम्ही प्रश्न विचारला की तो वर जातो आणि खाली येतो, मग उत्तर पुन्हा वर जाते आणि खाली येते. म्हणजे जवळजवळ दीड लाख किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही त्याला अर्धा सेकंद लागतो. पत्र पाठवायला हे चालते, पण डॉक्टरांशी समोरासमोर बोलताना दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. नवे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, म्हणून हा उशीर जवळजवळ नाहीसा होतो. पण ते जवळ असल्यामुळे प्रत्येकाला जमिनीचा थोडाच भाग दिसतो आणि ते झपाट्याने पुढे निघून जातात, म्हणून हजारो उपग्रह लागतात. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला केंद्राचा परवाना मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्याशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव हे जिल्हे आहेत. वनवेब आणि जिओ हेही या क्षेत्रात आहेत.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. सातपुड्याच्या आतल्या दरीत फायबर पोहोचायला वेळ लागेल, तिथे हाच मार्ग आहे. पण पत्रकात जे लिहिलेले नसते ते सांगतो. तबकडीला आकाशाचा मोठा भाग उघडा दिसावा लागतो. दरीच्या तळाशी, साग आणि महुआच्या खाली ती अडखळते. दुसरे म्हणजे वीज. अशी साधी तबकडी ७५ ते १०० वॅट घेते. चोवीस तास चालू ठेवली तर दिवसाला जवळजवळ दोन युनिट. ३३० वॅटचे एक सौर पॅनेल स्वच्छ दिवशी सव्वा युनिटच्या आसपास देते, पावसाळ्यात त्याहून बरेच कमी. म्हणजे तबकडी देणगीत आली आणि सौर व्यवस्था आली नाही, तर ती छतावर शोभेला राहील. दोन पॅनेल आणि चांगली बॅटरी घेतली, रात्री दहाला तबकडी बंद केली, तर बहुतेक दिवस निघून जातात. आषाढात मात्र वापर काटकसरीने करावा लागेल.

मोबाइलबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये केंद्राने नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी पोहोचवण्याचा प्रकल्प मंजूर केला. बीएसएनएलचे फोर-जी स्वदेशी यंत्रणेवर उभे राहिले आहे. टॉवर आला की पहिले काही महिने आनंद असतो, मग डिझेलचा प्रश्न येतो. शहरांत फाइव्ह-जीवरून घरगुती इंटरनेट मिळू लागले आहे, आपल्या भागात त्याला अवकाश आहे.

आता आपल्या संस्थांच्या इमारतींच्या आत काय करावे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या हातात आहे. वसतिगृह, शाळा, दवाखाना यांना मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कमधून तीन गोष्टी घेता येतील.

पहिली, दोन वाटा. पूर्वी कंपन्या आपली कार्यालये जोडण्यासाठी महागडी खास लाइन घेत. आता त्या दोन-तीन साध्या जोडण्या घेतात, आणि एक हुशार राउटर क्षणोक्षणी ठरवतो की कोणते काम कोणत्या वाटेने पाठवायचे. आपल्या दवाखान्यातही फायबर आणि सिमकार्ड अशा दोन जोडण्या एका राउटरला लावता येतात. फायबर तुटले की डॉक्टरांचा कॉल सिमवर जाईल आणि बाकीचे थांबेल. यासाठी काही लाखांची यंत्रणा नको, काही हजारांचा राउटर पुरतो.

दुसरी, वेगळे कप्पे. रुग्णांच्या नोंदी, कार्यालयाचे हिशेब आणि मुलांचे मोबाइल हे एकाच वाय-फायवर असू नयेत. एकाच तारेवर तीन स्वतंत्र जाळी करता येतात, त्याला जादा सामान लागत नाही. एचआयव्ही किंवा क्षयरोग्याचे नाव बाहेर गेले तर त्या माणसाला गावात राहणे कठीण होते. या बाबतीत आपण ढिलाई करतो, असे मी पाहिले आहे.

तिसरी, जवळ साठवण. शंभर मुलांनी तोच गणिताचा धडा शंभर वेळा आकाशातून उतरवण्यात काय अर्थ आहे? वसतिगृहातल्या एका छोट्या संगणकावर धडे आणि विकिपीडिया साठवून ठेवता येतात. कोलिब्री, किविक्स ही मोफत साधने त्यासाठीच आहेत. इंटरनेट नसतानाही मुलांचा अभ्यास चालतो, जोडणी आली की नवे धडे रात्री उतरतात. वारली, भिली, कोरकू, गोंडी या बोलींतल्या गोष्टी मुलांच्या आजीकडून रेकॉर्ड करून त्याच संगणकावर ठेवता येतील. ते विकत मिळत नाही.

विक्रेते सध्या वाय-फाय ७ दाखवतात. ते घेऊ नका. एका खोलीत पन्नास मुले असतील तर वाय-फाय ६ चे यंत्र घ्यावे, कारण अनेकांना एकाच वेळी थोडे थोडे वाटून देण्यात ते तरबेज आहे. त्याहून वरचा वेग आपल्या बाहेरच्या जोडणीलाच नाही.

आता देणगीचे. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, त्यामुळे यंत्रासाठी पैसे लवकर जमतात. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते, मासिक बिल दर महिन्याला येते आणि ते सांभाळणाऱ्या मुलीला मानधन द्यावे लागते. यावर नाव कोरता येत नाही. माझी विनंती अशी की यापुढे कोणी तबकडी किंवा राउटर देऊ केला तर पहिल्या तीन वर्षांचा हा खर्चही त्याच देणगीत मागावा. मिळाला नाही, तर यंत्र नम्रपणे नाकारावे. आणि आपल्याच वसतिगृहातून बारावी झालेल्या दोन मुलींना आयटीआयमध्ये किंवा अन्यत्र फायबर जोडण्याचे आणि सौर यंत्रणेचे प्रशिक्षण द्यावे. मुली म्हणतो, कारण लग्नाआधी आणि लग्नानंतरही त्या याच तालुक्यात राहतात. मुलगे शिकले की पुण्याला जातात.

प्रत्येक केंद्रावर एक साधी वही ठेवावी. इंटरनेट कधी गेले, कधी आले, का गेले. जून ते सप्टेंबरची वही पाहिल्यावर पुढच्या वर्षी बॅटरी घ्यायची की दुसरे सिम, हे आपल्याला सभेत पाच मिनिटांत ठरवता येईल. ती वही पुढच्या मेळाव्याला सोबत आणावी, अशी केंद्रप्रमुखांना विनंती करून मी थांबतो. वेळ असेल तर प्रश्न घेऊ.