बांगडा, अयला, कानागुर्ता



गेवराई तालुक्यातल्या आमच्या तलवाड्याकडं समुद्र येतो तो वाळून येतो. गोणपाटावर पसरलेलं सुकट आणि बोंबील, एवढीच त्याची ओळख. ओल्या माशातला मरळ कळतो, वाम कळते. ती गोदावरीची मंडळी. त्यामुळं कोकणात नव्यानं गेलेल्या आमच्याकडच्या माणसाला 'आज बांगडे स्वस्त आहेत' ऐकून आधी कासारच आठवतो.

पण मासा चवीचा. वीतभर लांबीचा, पाठीवर काळसर ठिपके, तोंड उघडं ठेवून पोहत पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा. मालवणी घरात तिरफळं घालून त्याचं तिखलं होतं, गोव्यात पोटात लाल मसाला भरून तो तव्यावर पडतो. गोवेकर त्याला बांगडो म्हणतात, मंगळूरकडं तो बंगुडे होतो. इथवर नाव एकाच घरातलं वाटतं. केरळात शिरलं की ओळख सुटते. तिथं तो अयला. मासा तोच, समुद्र तोच, बाजारातली हाक मात्र निराळी.

शास्त्रज्ञांनी यातलं एकही नाव घेतलं नाही. त्यांच्या वहीत तो रास्ट्रेलिजर कानागुर्ता. यातलं कानागुर्ता लॅटिन नव्हे, तेलुगू आहे! पॅट्रिक रसेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं विशाखापट्टणमला दोनशे मासे गोळा केले, त्यांची चित्रं काढवली आणि तिथली नावं टिपून 1803 साली पुस्तक छापलं. कुव्हिए या फ्रेंच पंडितानं 1816 मध्ये बांगड्याचं बारसं केलं, ते तिथलंच नाव उचलून. हा रसेल तुम्हाला परका नाही. आपल्या शेतात निघणाऱ्या घोणशीला इंग्रजीत त्याचंच नाव आहे.

बांगड्याला शास्त्रीय नाव मराठीतून मिळालं नाही याचं मला आधी वाईट वाटलं. मग नकाशा काढला. गेवराई तालुक्याच्या कडेनं जाणारी गोदावरी राजमहेंद्रीवरून पुढं बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तो किनारा तेलुगू बोलणाऱ्यांचा. आपला पावसाळा वाहून जातो तो कानागुर्ता म्हणणाऱ्यांच्या दारात. बांगडा आपल्याकडं येतो तो मात्र उलट्या अंगानं, पश्चिमेकडून, बर्फाच्या पेटीत बसून, घाट चढून.