गर्भ गेला, दोष कोणाचा?

(आशाताई व मंडळीतील सेविकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



एका पाड्यावरच्या बाईचे दोन गर्भ गेले. भगत झाला, कोंबडं झालं. तिसऱ्या वेळी नाव नोंदवलं, तेव्हा व्हीडीआरएल तपासणी पॉझिटिव्ह आली. नवरा म्हणाला, ही बाहेरख्याली आहे. सहाव्या महिन्यात तेही बाळ पोटातच गेलं. खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात शंका आली होती. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी आधी पाप कोणाचं ते विचारलं. मीही तेच केलं.

टीपीएचए ही दुसरी तपासणी केली, तेव्हा कळलं की तिला गुप्तरोग नव्हताच.

जंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं बनवतं. काहींच्या अंगात ती स्वतःवरच उलटतात. अशा एका आजाराला अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचं वर्णन केलं. याची रीत उलटी आहे. तपासणीच्या नळीत हे रक्त गोठायला उशीर लावतं, पण अंगात गुठळ्या करतं: पायात, फुप्फुसात, मेंदूतसुद्धा. वारेला इजा झाली की बाळाचं पोषण तुटतं. व्हीडीआरएलमध्ये कार्डिओलिपिन नावाचा पदार्थ असतो. ही प्रतिपिंडं त्याला चिकटतात आणि तपासणी खोटी पॉझिटिव्ह येते.

म्हणून पॉझिटिव्ह कागद सोडून द्यायचा नाही. खरा सिफिलिसही गर्भ घालवतो, आणि तो पेनिसिलिनने बरा होतो. पण टीपीएचए होईपर्यंत घरात कोणी तोंड उघडायचं नाही, आपणही नाही.

दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन गर्भ गेले, किंवा त्यानंतर नीट वाढलेलं एक जरी बाळ पोटात गेलं, तर डॉक्टरांना या प्रतिपिंडांची तपासणी विचारा. सिकलसेल, रक्तदाब अशी इतर कारणंही असतात, तीही पाहायला सांगा. प्रतिपिंडं सापडली, तरी १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. पुढच्या गरोदरपणात कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शनं देतात. मग बऱ्याच जणींचं बाळ हाती लागतं. मात्र अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने कोणाला देऊ नका.

त्या बाईची पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली आहे, दुसरी पुढच्या महिन्यात आहे. नवरा सोबत येतो म्हणालाय. दिवस राहिले, तर इंजेक्शन रोज पाड्यावरच टोचावं लागेल. ते शिकायला दोघी हव्यात. कोण येतं?