शिक्षक आणि नवी चावडी

गांवांत चावडी होती तोंपर्यंत बातमीला एक शिस्त होती. बातमी आणणारा मनुष्य समोर बसलेला असे. त्याचा चेहरा, त्याचा स्वभाव आणि त्याच्या बोलण्यांतील तिखटमीठ हीं सर्वांच्या ओळखीचीं असत. ऐकणारा लगेच विचारी, "तूं स्वतः पाहिलेंस काय?" पुढें २००४ सालीं फेसबुक, २००५ सालीं यूट्यूब आणि २००९ सालीं व्हॉट्सॲप निघालें, आणि थोड्याच वर्षांत चावडी प्रत्येकाच्या खिशांत आली. तेथें बोलणारे असंख्य झाले. परंतु तो जुना प्रश्न विचारणारा मात्र हरवला. शिक्षकानें या नव्या चावडीवर पाऊल ठेवावें कीं नाहीं, आणि ठेवल्यास कोणत्या नात्यानें ठेवावें, हा या भाषणाचा विषय आहे.

पहिल्या प्रश्नाचा निकाल मार्च २०२० मध्यें परस्परच लागला. कोरोनाच्या साथीमुळें शाळांना कुलुपें लागलीं, आणि वर्गांत मोबाइल बाहेर काढणें हा ज्यानें अपराध मानला होता, त्याच शिक्षकाला पालकांचा व्हॉट्सॲप गट करून त्यावर गणितें पाठवावीं लागलीं. आरंभीं त्याला वाटलें कीं, फळ्याचें काम आतां काचेवर चालेल. लवकरच अडचणी दिसूं लागल्या. घरांत फोन एकच, आणि तो सकाळीं वडिलांबरोबर कामावर जाई. दोन भावंडांचा अभ्यास एकाच वेळीं आला, तर धाकट्याची पाळी रात्रीं येई. कांहीं घरीं फोन होता, पण रिचार्जला पैसे नसत. मग शहाण्या शिक्षकानें आपली रीत बदलली. लांबलचक चित्रफितीऐवजीं दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश, सकाळऐवजीं संध्याकाळची वेळ, आणि जेथें फोनच नाहीं तेथें कागदावर लिहिलेला अभ्यास शेजारच्या मुलाच्या हातीं. यंत्राची कळ दाबणें तो दोन दिवसांत शिकला. पलीकडे कोण आहे व त्याच्यापाशीं काय आहे, हें ओळखण्यास त्याला अधिक काळ लागला. खरें शिकणें हें दुसरें होय.

हें साधन नीट हातीं धरलें तर काय साधतें, याचा दाखला सोलापूर जिल्ह्यांत माढा तालुक्यांतील परितेवाडीचा आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देऊन कविता, गोष्टी व पाठ मुलांना ऐकण्यापाहण्याजोगे केले. दूरदृश्य संभाषणाच्या द्वारें परदेशच्या मुलांशीं आपल्या मुलांची गांठ घालून दिली. आणि भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाईन अशा परस्परांविषयीं वैर असलेल्या प्रदेशांतील तरुणांना एकमेकांशीं बोलावयास लावणारा उपक्रम चालविला. २०२० सालीं त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हां १० लक्ष डॉलरांपैकीं निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर ९ शिक्षकांना वांटून दिली. पुरस्काराहूनहि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या सर्व संभाषणांच्या मधें एक शिक्षक उभा होता. अनोळखी जगाशीं मुलांची ओळख करून देणारें कोणीतरी जाणतें माणूस तेथें होतें.

हा दुवा जेथें नसतो तेथें काय घडतें, हें १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें दिसलें. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ भिक्षेकऱ्यांना जमावानें त्या संशयावरून ठार मारलें. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याचे, म्हणजे परितेवाडी ज्या जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्याचे होते. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश पांचांहून अधिक ठिकाणीं एकदम पुढें धाडण्यास आळा घालण्याचें जाहीर केलें. एप्रिल २०२० मध्यें, वारंवार पुढें धाडलेल्या संदेशांपुरता, तो आळा एका ठिकाणावर आणला. परंतु असला बांध अफवेचा वेग कमी करतो, तिच्यावरचा विश्वास नव्हे. संदेश मामाकडून आला म्हणजे तो खरा वाटतो. मामावरचा विश्वास नकळत संदेशाला चिकटतो. आणि मामानें तर कांहींच पाहिलेलें नसतें.

म्हणून शिक्षकानें वर्गांत प्रथम आणावयाचें तें यंत्र नव्हे, चावडीवरचा तो जुना प्रश्न होय. आठवड्यांतून एकदां असाच आलेला एखादा संदेश फळ्यावर उतरून घ्यावा आणि मुलांना विचारावें: हें प्रथम कोणी सांगितलें? केव्हांचें व कोठलें आहे? सांगणाऱ्यानें स्वतः पाहिलें काय? उत्तर मिळालें नाहीं, तर संदेश आपल्यापाशींच थांबवावा, एवढें मुलांना पटलें तरी तो तास सार्थकीं लागला. चित्र जुनें कीं नवें, हें गूगलवर त्या चित्राचाच शोध घेऊन सातवीच्या मुलालाहि पुष्कळदां ताडतां येतें. परंतु त्याआधीं शंका यावी लागते, आणि ती संवय यंत्र लावीत नाहीं.

ती शिक्षकाला स्वतःपासून लावून घ्यावी लागेल. पहांटे उठून न वाचतांच संदेश पुढें ढकलणारा गुरुजी वर्गांत पडताळा कोणत्या तोंडानें शिकविणार? सर्व पालकांच्या गटावर एका मुलाचे कमी गुण जाहीर करणें म्हणजे त्याला गांवासमोर उभें करणें होय. मुलांचीं छायाचित्रें पालकांना न विचारतां चव्हाट्यावर मांडूं नयेत. फेसबुकच्या नियमानें १३ वर्षांखालील मुलास खातें उघडतां येत नाहीं. आणि भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानें १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याची माहिती वापरण्यास पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे. कायद्याचीं कलमें शिक्षकाला पाठ नसलीं तरी चालेल. त्यामागील मर्यादा मात्र अंगीं पाहिजे.

शाळेंतील या धड्याची परीक्षा अखेर घरींच व्हावयाची आहे. रात्रीचीं जेवणें आटोपतात, फोन उजळतो, वडील एक खळबळजनक बातमी मोठ्यानें वाचूं लागतात, आणि मूल विचारतें, "बाबा, हें कोणी पाहिलें?" त्या वेळीं त्याला गप्प न बसवितां वडिलांनीं "थांब, आधीं पाहूं" असें म्हटलें, तर शिक्षकाचें काम फुकट गेलें नाहीं असें समजावें.